मंजुरीसाठी थांबलेलं

१३ जानेवारी २०२५

चिकलठाण्याच्या औषध कंपनीचं पत्र आलं. पत्र कसलं, गोड शब्दांत दिलेली तंबी. मागच्या महिन्यात आपली खोकी तळातून फाटली आणि त्यांच्या सिरपच्या बाटल्या फुटल्या. ही खोकी कुठल्या कागदाच्या रिळातून झाली, असं त्यांनी विचारलं. मी, कारभारी आणि स्टोअरची माणसं, सगळ्यांनी मिळून तीन दिवस धुंडाळलं आणि शेवटी ‘बहुधा’ असं उत्तर कळवलं. त्यांच्याकडे ‘बहुधा’ चालत नाही म्हणे. आता प्रत्येक खोक्याचं मूळ तासाभरात सांगता आलं पाहिजे. जुलैत तपासायला येतील. जमलं नाही तर दुसरा खोकेवाला बघतील.

आमच्या कारखान्याचं अर्ध्याहून जास्त काम त्यांचं आहे. ते गेले तर वाळूजचं शेड विकून मी उस्मानपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे बघत बसायचं.

कारभारीला पत्र वाचून दाखवलं. हा माझा सगळ्यात जुना सुपरवायझर, गंगापूरहून रोज येतो. तो म्हणाला, “म्याडम, खोकं हाय ते. त्याला जल्माचा दाखला कामून लागतो?”

हसले. पण दाखला लागणारच.

२८ जानेवारी

भाचा हिमांशू पुण्याहून रोज फोन करून सांगतो, “मावशी, सॉफ्टवेअर घे, सगळं एका जागी येईल.” म्हणून तीन कंपन्यांना बोलावलं.

पहिला टाय लावून आला. पडद्यावर चाकं फिरली, रंगीत पट्ट्या वर-खाली झाल्या. मी विचारलं, “अर्धं वापरलेलं रीळ स्टोअरला परत येतं, ते कसं चढवायचं?” तो म्हणाला, “ते नंतर बसवून देऊ.” म्हणजे आधी लग्न आणि मग पत्रिका. दुसरा स्वस्त होता, पण त्याचं सगळं किराणा दुकानाला शोभेल असं. साखर किती आली, साखर किती गेली.

तिसरीकडून अमृता नावाची मुलगी आली, पुंडलिकनगरची. तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाली, “दोन दिवस मला स्टोअरमध्ये नुसतं बसू द्या.” बसली. रीळ कसं येतं, कुठं ठेवतात, कोण उचलतं, सगळं आमच्याच तपकिरी कागदावर लिहून काढलं. मग मला विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला कशासाठी हवंय? एका वाक्यात सांगा.”

“गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून.”

“मग आधी फक्त रीळ आणि खोकं. पगार, हजेरी वगैरे पुढच्या वर्षी बघू.”

विकायला आलेलं माणूस कमी विकतंय हे मी पहिल्यांदा पाहिलं. हिलाच काम द्यायचं ठरवलं.

१५ फेब्रुवारी

अमृता आज विचारत होती, कुठं कुठं माझी मंजुरी लागेल. म्हणजे खालच्यानं पडद्यावर मागणी टाकायची, मी वर केबिनमध्ये हिरवं बटण दाबायचं, की काम पुढं. बाकीचे मालक म्हणे मोठी खरेदी आणि भावातला बदल, एवढंच आपल्याकडे ठेवतात. मी सांगितलं, खरेदी, रीळ काढणं, खोकी चिकटवायच्या खळीची पावडर, ओव्हरटाइम, रजा, माल बाहेर जाणं, सगळं माझ्याकडून गेलं पाहिजे.

“मॅडम, सगळं तुमच्यापाशी अडेल.”

“अडू दे. इथं मला विचारल्याशिवाय पान हलत नाही.”

खोटं नाही ते. हा कारखाना काढल्यापासून माझ्या जिन्यावर कायम कुणी ना कुणी उभं असतं. म्याडम, हे असं करू का, तसं करू का. कितीदा डबा तसाच थंड झाला. सगळ्यांना सांगते, या माणसांनी माझा जीव खाल्ला.

अमृतानं लिहून घेतलं, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

३० मार्च, पाडवा

रविवार असूनही सगळे आले. शेडच्या दारात गुढी उभारली आणि त्याच मुहूर्तावर सॉफ्टवेअर सुरू केलं. खळ शिजवणाऱ्या सारजाबाईनं कॉम्प्युटरच्या पडद्यालाच हळदकुंकू लावलं. अमृता बिचारी नंतर रुमालानं पुसत बसली. पहिली नोंद कारभारीनं केली, एका बोटानं, जीभ बाहेर काढून. रिळाचा नंबर बरोबर पडला तेव्हा टाळ्या वाजल्या.

घरी येऊन एकटीसाठी श्रीखंड काय आणायचं, म्हणून नाही आणलं.

८ एप्रिल

नुसता गोंधळ! सकाळपासून केबिनमध्ये जत्रा. कारभारीचा पासवर्ड हरवला. डिस्पॅचची राजनंदिनी एकच ट्रक दोनदा पाठवून मोकळी झाली, म्हणजे पडद्यावर. सारजाबाई विचारायला आली, “खळ किलूत लिहू का पिपात?” तिघं खुर्च्यांवर, चौघं उभे, अमृता फोनवर. मी सगळ्यांवर ओरडले. घसा बसलाय.

गेल्या कित्येक वर्षांत इतका छान दिवस गेला नव्हता.

२९ एप्रिल

शिकले सगळे. सारजाबाईसुद्धा मोबाइलवर नोंद करते. अमृता म्हणते इतक्या लवकर कुठल्याच कारखान्यात बसलं नव्हतं. कौतुक वाटलं.

आज कुणीही वर आलं नाही. मागण्या पडद्यावर येतात, मी बटण दाबते, त्या जातात. दुपारी खाली चक्कर मारली. राजनंदिनीला विचारलं, “चिकलठाण्याचा माल कुठवर आला?” ती म्हणाली, “मॅडम, सिस्टिममध्ये टाकलंय ना सगळं.” मोठ्या उत्साहानं म्हणाली. मी “बरं” म्हणून वर आले.

डबा गरम खाल्ला. रविवार कसा घालवायचा हे मला कधी जमलं नाही. आता मंगळवारही तसाच जातोय.

७ मे

खळीच्या पावडरीची मागणी बघायचीच राहिली. खरंच राहिली. दुपारी कारभारी धापा टाकत वर आला. “म्याडम, पावडर संपत आली, तेवढं बटण दाबा की.” दाबलं. मग म्हटलं, आलाच आहेस तर चहा घे. बसला. त्याच्या नातीचं बारसं झालं, श्रेया नाव ठेवलं. म्हातारीला ते नाव म्हणता येत नाही, ती ‘शेरा’ म्हणते. घरात रोज त्यावरून भांडण. मी इतकी हसले की चहा सांडला.

१६ मे

अमृतानं माझ्या मोबाइलवर ते ॲप घालून दिलं होतं, कुठूनही मंजुरी देता यावी म्हणून. मी काढून टाकलं. डोळ्यांना त्रास होतो. शिवाय घाईघाईत कशाला मान्यता देऊ नये, बाबा सांगायचे. ते तहसीलमध्ये कारकून होते, फाइल एक रात्र उशाशी घेऊन झोपल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही.

म्हणून मीही थोडं थांबते. विचार करून देते. मागणी आली की लगेच हिरवं बटण, असं केलं तर मालकाची किंमत काय राहिली? काल रिळाची मागणी दुपारपर्यंत ठेवली, तेव्हा राजनंदिनी वर आली. आज सारजाबाईच्या रजेची ठेवली, ती वर आली. माणसानं समोर येऊन कारण सांगितलं की निर्णय चांगला होतो.

५ जून

शिस्त लागली म्हणायची. आता एकदम झुंबड नाही की आठवडाभर शुकशुकाट नाही. सोमवारी कारभारी येतो, मंगळवारी राजनंदिनी, बुधवारी सारजाबाई, मग परत पहिल्यापासून. त्यांचं त्यांनाच वळण पडलंय. एक कप चहा होईपर्यंत बसतात, काम सांगतात, जातात. कारभारी परवा पेरू घेऊन आला होता. पेरूचा मोसम नाही, कुठून मिळवले कोण जाणे.

अमृता महिन्याच्या भेटीला आली होती. तिनं एक गंमत दाखवली. पूर्वी लोक गरज पडली की मागणी टाकायचे, आता दोन-दोन दिवस आधी टाकतात. मी म्हटलं, “बघ! आधी विचार करायची सवय लागली. तू म्हणत होतीस इतक्या मंजुऱ्या नकोत. त्यांचाच हा फायदा.”

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “हो मॅडम, सवय तर लागलीये.” आणि चहा पिऊन गेली. हार मानायला जड जातं या मुलांना.

२० जून

राजनंदिनीनं आज तिसऱ्यांदा साखरआंब्याची कृती विचारली. तिसऱ्यांदा! पोरगी कामात हुशार आहे, पण स्वयंपाकाचं डोक्यात काही राहत नाही. मी परत पहिल्यापासून सांगितली. कैरी कशी किसायची, पाक कधी उतरवायचा. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. आईनं मला शिकवला होता साखरआंबा. मी कुणाला शिकवला नव्हता.

सारजाबाईनं गुडघ्यासाठी तेल आणून दिलंय. वास भयंकर आहे. लावते.

८ जुलै, मंगळवार

आज वाईट झालं.

औषध कंपनीचा माल सकाळीच तयार होता. ट्रक आवारात लागला. राजनंदिनीनं नोंद टाकली आणि माझ्या पडद्यावर ओळ आली, ‘मंजुरीसाठी थांबलेलं’. मी पाहिली. लगेच पाहिली. मंगळवार, म्हणजे ती येणार. दोन कप चहा टाकायला सांगितला.

ती आली नाही. मी वाट बघितली. म्हटलं हातातलं काम संपवत असेल. चहा निवला, दुसरा करवला. खालून ट्रकवाल्याचा आवाज येत होता, त्याला पुढचा माल उचलायचा होता. मला वाटलं, आता येईल. बटण माझ्यासमोर होतं. मी एकदा बोटही नेलं आणि मागं घेतलं. येईलच म्हटलं.

मग ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर रिकामाच निघून गेला होता. दुसरी गाडी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. चिकलठाण्यात खोक्यांअभावी त्यांची पॅकिंगची लाइन बंद पडली. त्यांचे साहेब फोनवर एवढंच म्हणाले, “तपासणीला पंधरा दिवस आहेत मॅडम, आणि तुम्ही हे करता?”

मी त्यांना सांगितलं, सिस्टिम अडकली होती.

९ जुलै

सकाळी खाली गेले आणि सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. ट्रक उभा होता, माल तयार होता, एकालाही वर येऊन सांगावंसं वाटलं नाही? इतका मोठा जिना आहे का तो?

राजनंदिनी रडायलाच लागली. “मॅडम, सॉरी, मला वाटलं कारभारीकाका जातील. गुरुवारी ते गावी होते तर त्यांची पाळी मी केली होती. म्हणून मंगळवारी ते करणार असं मला वाटलं.”

“कसली पाळी?”

सारजाबाई पदरानं हात पुसत राहिली. कारभारीनं सगळ्यांना कामाला पाठवलं आणि मला रिळांच्या मागं नेलं.

“म्याडम, चिडू नका. वर जायाची पाळी.”

“म्हणजे?”

“तुमी एकल्या बसता वर. लई दिस बघतो आमी. मशीनीत समदं गेलं तवापासून तुमच्याकडं कुणाचं काम राहिलं नाय. मंग तुमी मागण्या अडवाया लागल्या. पोरीच म्हनल्या, काका, रोज एकानं तरी जात जाऊ.”

माझे कान तापले. “मी अडवते असं वाटतं तुम्हाला?”

“वाटत नाय, म्हाईत हाय.” तो खाली बघून बोलत होता. “तुमी दोन दिस धरता, म्हनून आमी दोन दिस आधीच टाकत हुतो. तेवढ्यानं काम बी अडंना आन तुमाला बी बरं वाटायचं. मालाचं तसं करता येईना. माल तयार झाल्याबिगर टाकायचं कसं?”

“अमृताला माहीत आहे?”

“तिनंच इचारलं हुतं, आधी कामून टाकता म्हनून. सांगितलं मंग.”

“आणि ते पेरू?”

“बजाजनगरच्या बाजारात भेटले. तुमाला आवडत्यात.”

मी वर आले आणि दार लावून रडले. लाजेनं रडले की कशानं ते कळलं नाही. साखरआंबा तिला पहिल्याच वेळी आला असणार.

१० जुलै

चिकलठाण्याला स्वतः गेले. त्या साहेबांना सांगितलं, सिस्टिम अडकली नव्हती, मी अडवली होती. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते म्हणाले, “तपासणीत बघू.”

येताना अमृताला बोलावून घेतलं. म्हटलं, माझ्या मंजुऱ्या काढ. मोठी खरेदी आणि भावातला बदल एवढंच ठेव. तिनं पाच मिनिटांत केलं. इतके महिने मला ते किल्ल्याच्या दरवाजाएवढं वाटत होतं. जाताना तिनं माझ्या खांद्याला हात लावला. मी “ठीक आहे, ठीक आहे” म्हणाले.

मग खाली सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, पाळीबिळी बंद. काम असेल तरच वर यायचं. आवाज हवा त्यापेक्षा कडक लागला.

२४ जुलै

तपासणी झाली. त्यांनी गोदामातून एक खोकं उचललं आणि विचारलं, हे कुठलं? राजनंदिनीनं कळफलकावर बोटं फिरवली. रीळ, तारीख, मशीन, खळ कुणी शिजवली, सगळं पडद्यावर. साहेबांचा पाण्याचा ग्लास संपायच्या आत. वर्षाचं काम आपल्याकडेच राहिलं. खाली पेढे वाटले. कारभारी त्यांना सांगत होता, “आमच्या खोक्याची सात पिढ्यांची म्हायती हाय, साहेब.”

मीही हसले सगळ्यांबरोबर. मग ते जेवायला बसले आणि मी वर आले.

६ ऑगस्ट

सगळं सुरळीत आहे. मागण्या वेळेवर, माल वेळेवर. अमृता म्हणते दुसऱ्या कारखानदारांना आमचा कारखाना दाखवायला आणू का. आण म्हटलं.

माझं ऐकलं सगळ्यांनी. काम असेल तरच वर या म्हटलं होतं, आणि काम नाही. एवढे शब्दाला जागणारे लोक असतील असं वाटलं नव्हतं. हिमांशूला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, नंतर करतो म्हणाला. मला फार एकटं वाटतं. हे कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

१२ ऑगस्ट

आज जेवणानंतर खाली गेले. काम काढून जायचं ठरवलं होतं, पण काय काम काढावं ते सुचेना. जे विचारायचं ते सगळं पडद्यावर आहे. जिना उतरताना एकेक प्रश्न मनात आणला आणि टाकून दिला.

सारजाबाई खळीच्या पिपांपाशी एकटी होती. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, “बस, बस. खळ किती उरलीये ते विचारायचं होतं.”

तिनं सकाळी स्वतःच मोबाइलवर आकडा भरला होता. मी वर तो पाहिला होता. मी पाहिलाय हे तिलाही ठाऊक होतं. तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. मोबाइल तिच्या कमरेलाच होता, त्याला तिनं हातही लावला नाही. पदर खोचला, पिपाचं जड झाकण दोन्ही हातांनी बाजूला केलं, आत वाकली, लाकडी दांडा तळापर्यंत घालून वर काढला आणि मला दाखवला.

“अर्ध्याच्या वर हाय, म्याडम.”

“बरं,” मी म्हटलं. आता वर जायला हवं होतं. मी तिथंच उभी होते.

तिनं दांडा पुसला. मग दुसऱ्या पिपावर हात ठेवून म्हणाली, “ह्याच्यात बी बघू का?”

मी म्हटलं, “बघ.”